किशोरवयीन मुलांना गर्भनिरोधकं मिळू द्यावीत का? डिचोलीच्या एका आईला उत्तर

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मुलगी सतरा वर्षांची, हायर सेकंडरीत बारावीला. तिच्या बॅगेत आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीचं रिकामं पाकीट सापडलं. त्यानंतर तुम्ही तिच्याशी त्याविषयी एक अक्षर बोललेला नाहीत. घरात दहावीतला धाकटा मुलगाही आहे. तुमचा राग आहे तो फार्मसीवाल्यावर, आणि तुम्ही विचारताय की अठरा वर्षांखालच्या मुलांना गर्भनिरोधकं विकायला सरळ बंदीच का असू नये. सहज मिळतात म्हणूनच मुलं या वाटेला जातात ना?

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सुरुवातीची वर्षं सरकारी इस्पितळात काढली, आता गोव्यातच फोंड्याला दवाखाना आहे. माझं मत विचाराल तर बंदी नको. कंडोम आणि माहिती या वयाच्या मुलांना विनाअट मिळावी, रोजच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं डॉक्टरशी बोलून मिळावीत, आणि ते बोलणं मुलीला पळवून लावणारं नसावं. वस्तू मिळण्याची सोय आपल्याकडे बऱ्यापैकी झालेली आहे. बोलण्याची झालेली नाही, आणि दवाखान्यात जे काही बिघडलेलं माझ्यासमोर येतं ते बहुतेक तिथूनच आलेलं असतं. असं का म्हणते ते पुढे सांगते. तुमच्या घरातलं आधी घेऊ, कारण त्याला तारखा आहेत.

पाकीट रिकामं आहे म्हणून गोळी तिनेच घेतली असं धरून चालू नका. 'मैत्रिणीसाठी आणली होती' हे वाक्य मी पुष्कळदा ऐकते आणि दर वेळी तो बहाणा नसतो. चौघींत जी जरा धीट असते तिलाच बाकीच्या फार्मसीत पाठवतात. तिनेच घेतली असेल तर संबंध कधी आला आणि गोळी कधी घेतली, या दोन्ही तारखा कळायला हव्यात. आपल्याकडे मिळते ती गोळी म्हणजे लिव्होनॉर्जेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम, एकच डोस. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर घ्याल तितकी उपयोगी. ती अंडाशयातून अंडं सुटणं पुढे ढकलते. अंडं आधीच सुटलेलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. गर्भ राहिलेला असेल तर ती तो पाडत नाही आणि त्याला अपायही करत नाही. घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली असेल तर पुन्हा घ्यावी लागते. फेफऱ्याची किंवा क्षयाची काही औषधं चालू असतील, म्हणजे कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, रिफॅम्पिसिन यांसारखी, तर तिचा परिणाम कमी होतो. हे पाकिटाच्या आतल्या बारीक अक्षरांच्या चिठ्ठीत असतं आणि ती चिठ्ठी कुणी वाचत नाही.

ही गोळी झालेल्या संबंधापुरती असते, पुढच्यासाठी नाही. अंडं सुटणं पुढे ढकललं गेलेलं असतं, त्यामुळे त्याच महिन्यात नंतर पुन्हा संबंध आला तर दिवस जाण्याची शक्यता चांगलीच असते. 'गोळी घेतली आहे, आता महिनाभर काळजी नाही' असं समजून बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि हुशार, चांगले मार्क मिळवणाऱ्या.

यानंतरची पाळी काही दिवस आधी किंवा उशिरा येऊ शकते, मधेच थोडं डागही लागतात. तेवढ्याने घाबरू नका. पाळी ठरलेल्या तारखेपेक्षा आठवडाभर उशिरा गेली, किंवा नेहमीपेक्षा फारच कमी आली, तर लघवीची तपासणी करायची. तारखांचा हिशेब लागत नसेल तर त्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी केलेल्या तपासणीवर भरवसा ठेवता येतो. घरी करायचा किट चालतो. 'या गोळीने पुढे मूल होत नाही' असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच, ते खरं नाही. वारंवार घेतली तर पाळीचं वेळापत्रक कोलमडतं, आणि नेहमीच्या साधनांइतकी ती खात्रीची नाही, म्हणून ती सवयीने घ्यायची गोळी नव्हे. पण विषही नव्हे.

आणि पाकिटावरचं पूर्ण नाव नीट वाचा. बाजारात एकाच ब्रँडच्या नावाने आपत्कालीन गोळीही मिळते आणि गर्भपाताच्या गोळ्यांचा किटही. नावात फरक शेवटच्या शब्दाचा. दोन्ही औषधं वेगळी, कामं वेगळी. किट हा नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली, किती दिवस गेलेत आणि गर्भ गर्भाशयातच आहे ना हे पाहूनच घ्यायचा असतो. पाकीट त्याचं निघालं तर तपासणीची वाट पाहू नका, तिला आजच घेऊन जा.

आता बोलणं. 'कोण आहे तो?' हा प्रश्न पहिला विचारू नका, त्यावर दार बंद होतं. मी मुलींना पहिलं विचारते ते 'आता तुला कसं वाटतंय, कुठे दुखतंय का, रक्त जातंय का.' मग तारखा. मग, तिला श्वास घ्यायला वेळ देऊन, 'हे तुझ्या मनाने झालं का?' या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या बाकी सगळ्या उत्तरांहून महत्त्वाचं आहे. समोरचा वयाने बराच मोठा आहे का, नात्यातला आहे का, शिकवणीचा सर आहे का, कुणी फोटो किंवा व्हिडिओ दाखवून धमकावतंय का. यातलं काही असेल तर गर्भनिरोधकाची चर्चा मागे पडते आणि तो गुन्ह्याचा विषय होतो. तेव्हा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा किंवा तिला थेट सरकारी इस्पितळात न्या. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा आहे, त्याच्या नियमांनुसार तातडीच्या उपचारासाठी इस्पितळ आधी पोलिसांचा कागद मागू शकत नाही. एचआयव्ही टाळण्याची औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, म्हणून 'उद्या बघू' करू नका.

घरातलं एवढं पुरे. आता बंदीबद्दल.

बंदीचा विचार करताना आधी आज काय परिस्थिती आहे ते पाहावं. आपत्कालीन गोळी २००५ पासून भारतात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. कंडोम विकत घ्यायला वयाची कायदेशीर अट नाही. निरोध तर १९६८ पासून सरकारच विकत आणि वाटत आलंय. म्हणजे तुमच्या मुलीने काही पळवाट काढलेली नाही, फार्मसीवाल्यानेही नाही. त्याने कदाचित एकच चूक केली, की पाकीट कागदात गुंडाळून दिलं आणि वर मान केली नाही. मला विचाराल तर तिथे उभ्या असलेल्या फार्मासिस्टने 'बाय, कधीची गोष्ट? बाकी औषधं चालू आहेत का? पाळी चुकली तर तपासून घे' एवढं हळू आवाजात म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यालाही लाज वाटते. त्याचंही गाव तेच.

गोव्याबाहेरच्या लोकांना वाटतं इथे सगळं मोकळंढाकळं आहे. कळंगुट-बागाच्या दुकानांत कंडोमची पाकिटं च्युइंगगमशेजारी लावलेली असतात, पर्यटकांसाठी. पण साखळी, वाळपई किंवा पेडण्याच्या मुलाला आपल्या गावच्या फार्मसीत ते मागता येत नाही, कारण काउंटरवरचा माणूस बाबांना ओळखतो आणि मागे रांगेत शेजारची काकी उभी असते. 'लोक कितें म्हणटले', लोक काय म्हणतील, हा आपला सगळ्यांचा राज्य कायदा. मग मुलं बसने पणजी-म्हापशाला जातात, तोवर दीड दिवस गेलेला असतो. ७२ तासांच्या गोळीत दीड दिवस फार मोठा असतो. बंदी घातली तर काय होईल याचा अंदाज यावरून करा. गोळी जाणार नाही, कुणातरी मोठ्या मित्राच्या खिशातून चढ्या भावाने येईल, चुकीची येईल, आणि उशिरा येईल.

'मिळतात म्हणून मुलं या वाटेला जातात' हा तुमचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. कुठल्याही आईला तो पडणारच. त्याचा अभ्यास बराच झालेला आहे. युनेस्कोने लैंगिक शिक्षणाविषयीचं आपलं मार्गदर्शन २०१८ मध्ये सुधारून काढलं, त्यात जगभरचे अभ्यास पाहून म्हटलंय की अशा शिक्षणाने मुलं लवकर सुरुवात करत नाहीत की जास्त धोके पत्करत नाहीत. आपत्कालीन गोळी मुलींच्या हाती आधीच देऊन ठेवली तर काय होतं, हेही परदेशांत तपासून झालंय. वागणं बदललं नाही, संबंध वाढले नाहीत, गुप्तरोगही वाढले नाहीत. मात्र, आणि हे गोळीच्या समर्थकांना फारसं आवडत नाही, एकूण गर्भधारणाही घटल्या नाहीत. कारण साधं आहे. 'एका वेळी काय होतंय' असं वाटलं की घरातली गोळीसुद्धा घेतली जात नाही. धोका आहे हे कळायलाच आधी कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं.

त्याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या सेंट लुईसचं. तिथल्या एका प्रकल्पात १५ ते १९ वयाच्या मुलींना सगळ्या साधनांची नीट माहिती दिली, प्रश्न विचारू दिले, आणि निवडतील ते साधन मोफत दिलं. बहुतेकींनी दीर्घकाळ चालणारी साधनं निवडली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत त्या मुलींमध्ये वर्षाला हजारी ३४ गर्भधारणा होत्या. संबंध आलेल्या त्याच वयाच्या देशभरातल्या मुलींमध्ये हजारी १५८ च्या वर. हा प्रकल्प जसाच्या तसा गोव्यात चालेल असं मी म्हणत नाही. तिथला समाज वेगळा, कायदा वेगळा, आणि प्रकल्पात आलेल्या मुली स्वतःहून आलेल्या होत्या. पण वस्तू तीच असताना सोबत बोलणारं माणूस असलं की निकाल किती बदलतो, हे त्यात दिसतं.

माझ्या दवाखान्यात हे उलट्या बाजूने दिसतं. मुलगी येते ती 'पाळी अनियमित आहे' म्हणून, आई सोबत. आई बाहेर गेली की तिसऱ्या प्रश्नाला खरं कळतं. कधी फक्त दोन-तीन गोळ्या घेऊन पाळी विस्कटलेली असते, ते सोपं. कधी मात्र चौथा महिना लागलेला असतो. इतके दिवस काय केलंस विचारलं तर काहीच केलेलं नसतं. वाट पाहिलेली असते, देवाला सांगितलेलं असतं, पपई खाल्लेली असते. गोळी सहज मिळाली म्हणून अशी वेळ आलेली मुलगी मला आठवत नाही. कुणाला विचारायचं हे माहीत नव्हतं म्हणून आलेल्या मात्र आठवतात. त्या वयाचं बाळंतपण सोपं नसतं: रक्त आधीच कमी, रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त, मूल अपुऱ्या दिवसांचं आणि कमी वजनाचं होण्याची शक्यता जास्त. आणि गर्भपात करायचा तर १९७१ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलीला पालकाची लेखी संमती लागते. म्हणजे जे आईबाबांपासून लपवायला ती इतके महिने धडपडली ते शेवटी त्यांच्याच सहीवर येऊन थांबतं.

हे सगळं वयावर आणि परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करायला हवं. तेरा वर्षांची मुलगी आणि साडेसतरा वर्षांची मुलगी यांना एकाच रांगेत उभं करून 'किशोरवयीनांना द्यावं की नाही' म्हणणं मला पटत नाही. तेरा-चौदाची मुलगी समोर आली तर माझ्या डोक्यात पहिला विचार तिच्यावर कुणी जबरदस्ती करतंय का, हाच येतो, आणि तोच यायला हवा. तिला साधन देऊन परत त्याच घरात किंवा त्याच माणसाकडे पाठवणं हा उपचार नव्हे. सतरा-अठराच्या दोन वर्गमित्रांची गोष्ट वेगळी. ते योग्य केलंत असं मी त्यांना सांगत नाही, पण त्यांच्यावर उपदेशाचा मारा करून त्यांना परत फार्मसीच्या काउंटरवर ढकलतही नाही.

कायदा हा फरक करत नाही, आणि इथे डॉक्टरांची खरी अडचण आहे. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. तेव्हापासून अठरा वर्षांखालच्या व्यक्तीची संमती कायद्याच्या लेखी संमतीच नव्हे. दोघंही सतरा वर्षांची असली तरी. त्यातल्या कलम १९ प्रमाणे असा प्रकार झाल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. डॉक्टर यातून सुटलेला नाही. गोव्यात तर त्याच्याही आधी, २००३ पासून, मुलांसाठी वेगळा राज्य कायदा आहे. या कायद्यांनी अनेक मुलांना वाचवलंय, मी त्यांच्या विरोधात नाही. पण परिणाम असा झालाय की फार्मसीवाला काही विचारत नाही म्हणून त्याला काही कळत नाही आणि तो मोकळा. डॉक्टर विचारते म्हणून तिला कळतं आणि ती बांधलेली. मुलींना कलम माहीत नसतं, पण डॉक्टरकडे गेलं की पोलीस येतात एवढं बरोबर माहीत असतं.

तुम्हालाही ही भीती वाटत असेल, म्हणून काय करते ते सांगते. मुलगी समोर बसली की तिने तोंड उघडण्याआधीच मी तिला सांगते की तुझ्या तब्येतीचं मी गावात कुणाला सांगणार नाही, पण काही गोष्टी कळल्या तर त्या कळवणं मला कायद्याने भाग आहे. मग काय सांगायचं ते ती ठरवते. गर्भनिरोधनाची माहिती देणं हा गुन्हा नाही, ती मी सगळ्यांना देते, वय न पाहता. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात थोडी वाट मोकळी केली: अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली तर डॉक्टरने पोलिसांना कळवायचंच, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. विधी आयोगाने २०२३ मध्ये आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचं वय अठराच ठेवा म्हटलं, मात्र सोळा ते अठराच्या मुलांच्या प्रकरणांत न्यायाधीशाला शिक्षेबाबत तारतम्य ठेवता यावं असं सुचवलं. तो अहवाल आहे, कायदा नाही.

इंग्लंडमध्ये हाच वाद एका आईनेच कोर्टात नेला होता. व्हिक्टोरिया गिलिक यांचं म्हणणं होतं की सोळा वर्षांखालच्या माझ्या मुलींना डॉक्टरने मला न विचारता गर्भनिरोधनाचा सल्ला देऊ नये. १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. मुलीला सगळं नीट समजत असेल तर डॉक्टर सल्ला देऊ शकतो. मात्र आईवडिलांना सांगण्यासाठी त्याने तिचं मन वळवायचा प्रयत्न केला पाहिजे. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण निकालाचा शेवटचा भाग मला फार आवडतो, आणि कायद्याविना तो पाळता येतो. माझ्याकडे एकट्या आलेल्या जवळपास प्रत्येक मुलीशी मी 'घरी कुणाला सांगता येईल' यावर बोलते. आई नसेल तर मावशी, आत्या, मोठी वहिनी. बहुतेकींना कुणीतरी सापडतं, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा ती शेवटी आईच असते.

साधनांबद्दलही थोडं, कारण 'गर्भनिरोधक' म्हटलं की लोकांना सगळं एकच वाटतं. रोजची मिश्र हार्मोनची गोळी आम्ही या वयाच्या मुलींना गर्भनिरोधनाशी काही संबंध नसतानाही देतो: पीसीओएससाठी (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास), पाळीत फार रक्त जात असेल तर, असह्य पोटदुखीसाठी. एका घरात नात्यातल्या कुणीतरी 'अगो, ही तर फॅमिली प्लॅनिंगची गोळी' असं सांगितलं, आईने घाबरून ती बंद केली, आणि मुलगी पुढच्या खेपेला पांढरीफटक होऊन आली. तुम्ही म्हणता तशी अठराखाली बंदी आली तर या मुलींचं काय करायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे केवळ वय कमी आहे म्हणून मिश्र गोळी नाकारायचं कारण नाही. नाकारायची ती डोळ्यांपुढे चमकून मग उठणारी अर्धशिशी असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, रक्तदाब असेल तेव्हा. म्हणूनच ती डॉक्टरशी बोलून घ्यायची.

तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन सरकारी केंद्रांत मिळतं, पण त्याचा हाडांवर परिणाम होतो, म्हणून हाडं घट्ट होण्याच्या वयात मी ते पहिलं निवडत नाही. छाया ही लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधलेली बिनहार्मोनची गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा; ठरलेले वार पाळणाऱ्या मुलीला चांगली. गर्भाशयात बसवायची तांबीही या वयात निषिद्ध नाही, पण मूल न झालेल्या मुलीच्या बाबतीत आपल्याकडे त्यावर चर्चासुद्धा होत नाही. या सगळ्यांतली एकही वस्तू गुप्तरोगांपासून वाचवत नाही. ते काम फक्त कंडोमचं.

आणि कंडोमवरून तुमच्या मुलाकडे येते. तुमच्या पत्रात तो एका वाक्यात येऊन गेलाय, काळजी सगळी मुलीची. साहजिक आहे, पोट तिचं वाढतं. पण पोक्सोखाली नाव त्याच्यासारख्याचं येतं, अठराखालचा असला तरी प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि फार्मसीत जायची जबाबदारी कुणाची हे तो आत्ताच कुठल्यातरी मोबाइलवरून शिकतोय, चुकीचं शिकतोय. दहावीच्या एनसीईआरटीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे, त्यात कंडोम, गोळ्या, तांबी यांची नावं घेऊन माहिती दिलेली आहे. बऱ्याच वर्गांत तो भाग 'घरी वाचा' म्हणून सोडला जातो. अकरावीला कॉमर्स घेतलं की पुढे तो विषय कधीच येत नाही. तो धडा घरातच आहे, त्याच्या दप्तरात. वडिलांना किंवा मामाला सांगा की तो भाग त्याच्याबरोबर वाचा, आणि पुस्तकात नसलेल्या गोष्टी सांगा. समोरच्याची इच्छा नसेल तर नाही म्हणजे नाहीच. अठराखालच्या मुलीच्या 'हो'लाही कायदा ओळखत नाही, म्हणून थांबणं हेच सगळ्यांत सुरक्षित. आणि कधी वापरायची वेळ आलीच तर पाकिटावरची तारीख पाहायची, पाकीट महिनोन्‌महिने खिशातल्या वॉलेटमध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवायचं नाही, उष्णतेने रबर खराब होतं. तेल किंवा व्हॅसलिन लावायचं नाही, फाटतं. कायम आणि बरोबर वापरणाऱ्या शंभर जोडप्यांत वर्षाला साधारण दोघांना दिवस जातात, लोक प्रत्यक्षात जसं वापरतात तसं वापरल्यास तेरा-एक जणांना. हा आकडाही त्याला सांगा. आकडा सांगितला की मुलगे ऐकतात. निरोध आरोग्य केंद्रात मोफत मिळतं, आणि तिथे नाव सांगायची गरज नसते.